आतून आलेलं पाणी

माझ्या मैत्रिणीला पोहायला मी शिकवलं. पुण्याला आम्ही एका होस्टेलवर होतो, एकाच खोलीत. ती जुन्नरची. वडिलांचं बांगड्यांचं दुकान आणि घर भर पेठेत, त्यामुळे तिचा पाण्याशी संबंध नळाचा आणि हंड्याचा. मी महाळुंगे पडवळची. आमच्या मळ्यातल्या विहिरीत आम्ही सगळी भावंडं पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलो होतो आणि त्यात काही विशेष आहे असं आमच्या घरी कुणालाच वाटत नव्हतं. एका मे महिन्याच्या सुट्टीत ती दोन दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आली आणि कॉलेज सुरू व्हायची वेळ आली तरी राहिली. सलवार-कुर्त्यावर डबा बांधून मी तिला विहिरीत उतरवलं. शेवटच्या पायरीला धरून ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मी ‘सोड’ म्हणायच्या आत तिनं पायरी सोडली. माझी आई काठावरून म्हणाली, ही पोरगी पाण्याला भीत नाही, हे काही बरं लक्षण नव्हं.

पुढे लग्नं झाली. ती ओतूरला गेली, तिथल्या शाळेत शास्त्र शिकवायला लागली. तिच्या नवऱ्याचं मोटारी भरायचं दुकान आहे, विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तो पुन्हा तांब्याची तार भरून चालू करून देतो. मी मंचरला स्थायिक झाले आणि अवसरी खुर्दच्या कॉलेजात ग्रंथालयात काम मिळालं. मुलं मोठी होईपर्यंत आमचं भेटणं म्हणजे ईद, दिवाळी आणि एखादं लग्न. मुलं बाहेरगावी शिकायला गेली आणि रविवार मोकळे झाले. तेव्हा तिनं फोन केला आणि विचारलं, डिंभ्याच्या धरणावर पोहायला जायचं का.

एक-दोन वर्षं आम्ही नुसत्या रविवारी पोहत होतो, आनंदासाठी. मग तिला कुठून तरी कळलं की कोकणात एका बेटावरून किनाऱ्यापर्यंत पोहायची स्पर्धा असते आणि त्यात जोडीनं पोहायचा एक गट असतो. दोघींनी सगळं अंतर बरोबर पोहायचं, एकीनं सोडलं तर दुसरीचंही संपलं. मी तिला म्हटलं, आपण चाळिशी ओलांडलेल्या बाया आहोत. ती म्हणाली की म्हणूनच, आता कुणी आपल्याकडे बघत नाही. माझा नवरा हसला आणि म्हणाला, जा, पण डॉक्टरचं सर्टिफिकेट आधी आणा. ते आणलं. दोघींचंही चांगलं आलं. तिचं ब्लडप्रेशर त्या दिवशी थोडं वर होतं, पण जिना चढून आल्यामुळे असेल म्हणून डॉक्टरांनी पाच मिनिटं बसवून पुन्हा बघितलं, तेव्हा बरोबर भरलं.

पहिल्या वर्षी आम्ही गेलो ते धरणातल्या पोहण्याच्या भरवशावर. पहाटे होडीनं बेटावर नेलं. समुद्र खवळलेला होता. आयोजक आपसात बोलत होते, सोडायचं की नाही. मग सोडलं. मला तोपर्यंत लाट म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, लाट समोरून येते. तिथे ती खालून येत होती. अख्खं पाणी मला उचलत होतं आणि टाकत होतं, आणि त्याच्यावर आणखी लहान लाटा वेगळ्याच दिशेनं थपडा मारत होत्या. श्वास घ्यायला तोंड वळवलं की नेमकं तिथेच खारं पाणी. थोड्याच वेळात मला उलट्या सुरू झाल्या. पोहता पोहता उलटी करायची, तोंड धुवायचं तर तेही खाऱ्याच पाण्यात, की पुन्हा उमासा. ती माझ्याभोवती फिरत राहिली. जवळ येऊन म्हणायची, पाठीवर हो, श्वास घे, चल. तिला काहीही झालं नव्हतं. होडीतल्या माणसानं हात पुढे केला आणि मी तो धरला. नियमाप्रमाणे तिलाही वर यावं लागलं.

होडीत ती टॉवेल गुंडाळून बसली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं हातानं थांबवलं. किनारा जवळ आल्यावर म्हणाली, “आपल्या धरणात लाटा कधी येतात गं?”

असा आमचा खरा सराव सुरू झाला.

पुण्यात एक प्रशिक्षक होते, फोनवरून सांगायचे, महिन्यातून एकदा तलावावर बोलवून घ्यायचे. त्यांचं म्हणणं असं की आमचं धरण म्हणजे ताट आहे आणि ताटात पोहून समुद्र जमत नाही. पावसाळ्यात घाटावरून वारा सुटतो तेव्हा तुमच्याकडच्या धरणांवर उतरा, होडी असल्याशिवाय उतरू नका, आणि तोपर्यंत अंतर वाढवा. उन्हाळाभर आम्ही डिंभ्यात अंतर वाढवलं. पाणी रोज खाली जायचं. काठाचा गाळ वाळून भेगाळलेला, त्याच्या पुढे ओला, त्याच्यात पाय पोटरीपर्यंत रुतायचे, आणि मग पाणी. पोहून बाहेर आलो की चिखल धुवायला परत पाण्यात जायचं आणि परत चिखलातून बाहेर यायचं. तिला याचं हसू यायचं.

माझं पोट हा आमचा मोठा प्रश्न होता. त्याच्यावर तिनंच उपाय काढला. चैत्रात माझ्या माहेरच्या यात्रेत मोठा पाळणा येतो. ती मला त्यात बसवायची, स्वतः शेजारी बसायची आणि डोळे मिटायला लावायची. उतरलो की लगेच पुन्हा. पाळणेवाल्याला वाटलं आमचं काही तरी हरवलंय वर. माझ्या वहिनीनं सगळ्यांदेखत विचारलं, तुमी दोघी बऱ्या आहात ना. मी खाली उतरून बाभळीच्या बुंध्याशी ओकले. ती माझी पाठ चोळत म्हणाली, “मागच्या वेळेपेक्षा दोन फेऱ्या जास्त झाल्या.” घरी आम्ही दोघी खारट पाण्याच्या चुळा भरून ते तोंडात धरून ठेवायचो, जिभेला सवय व्हावी म्हणून, आणि फोनवर एकमेकींना सांगायचो की किती वेळ धरलं. माझा नवरा म्हणायचा, समुद्रच घरी आणा म्हणजे जायला नको.

आषाढ लागला आणि आम्ही पिंपळगाव जोग्याला जायला लागलो. ओतूरच्या पुढे माळशेजच्या वाटेवर ते धरण आहे. घाटातून वारा शिरतो तो सरळ त्या पाण्यावरून येतो, मध्ये अडवायला काही नाही. हरिश्चंद्रगड ढगात गेलेला असायचा, पाऊस आडवा यायचा, आणि पाणी लाल, गढूळ, पुढे केलेला आपला हात आपल्याला न दिसणारं. तिथे मासेमारी करणाऱ्या एकाची पत्र्याची होडी ठरवली होती. तो म्हातारबा होडीत पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बसायचा आणि बहुतेक वेळ बिड्या ओल्या झाल्याबद्दल कुरकुर करायचा. पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला उतरायच्या आधी थांबवलं.

“ताई, तुमी बुडाल्या तर मला पोलिसात जावं लागंल,” तो म्हणाला. “माझ्या म्हशी कोण सोडायचं? तेवढं ध्यानात ठिवा.”

तिचा नवरा त्याच्याबरोबर होडीत असायचा. दुकान रविवारी बंद ठेवायचा. त्यानं पीव्हीसीच्या पाइपाला पुढे बाटली अडकवायची कडी बसवून दिली होती. तो पाइप लांब करून आमच्यापर्यंत गूळपाणी पोचवायचा, कारण पोहणाऱ्यानं होडीला हात लावला की स्पर्धेत तो बाद. स्वतः त्याला पोहता येत नव्हतं. होडी लाटांवर आदळायला लागली की तो एका हातानं कडा धरायचा, दुसऱ्या हातानं पाइप, आणि तोंडानं काही तरी पुटपुटत असायचा. बायकोला तो एकदाही नको म्हणाला नाही.

धरणाची लाट समुद्रासारखी लांब नसते. ती आखूड, उभी, एकीच्या पाठीवर दुसरी. तोंडावर सारख्या चापट्या बसतात. त्यात आम्ही शिकलो की वाऱ्याच्या बाजूला श्वास घ्यायचाच नाही, काखेखालून मागे बघितल्यासारखं तोंड न्यायचं. पाणी तोंडात आलं तर घाबरायचं नाही, तसंच बाहेर सोडायचं आणि पुढच्या हातापर्यंत थांबायचं. पुढे बघायला डोकं वर काढायचं ते लाटेच्या टोकावर असताना. खोलगटात काढलं तर चारी बाजूंना लाल पाणीच दिसतं आणि मनाला काही तरी होतं. काखेत आणि मानेवर व्हॅसलीन लावलं नाही तर कपड्याची शिवण कातडी सोलते. हे सगळं मला कधी जमेल असं वाटलं नव्हतं, पण जमायला लागलं. माझं पोट शांत झालं. एका रविवारी पाऊस आणि वारा असा होता की म्हातारबा वल्ही मारायचा तरी होडी मागे यायची, आणि मी त्यातून पोहत होते, माझा श्वास लयीत पडत होता, आणि मला बरं वाटत होतं. बाहेर आल्यावर मी तिला शोधलं तर ती बरीच मागे होती.

ती माझ्या मागे राहते हे आधी कधी झालं नव्हतं. ती खोकत बाहेर आली आणि म्हणाली की पाणी गेलं नाकात. पुढच्या रविवारीही तेच. पाण्यात उतरून थोडा वेळ झाला की खोकला, छातीत घरघर, बाहेर येऊन गरम चहा घेतला की दुपारपर्यंत बरी. नारायणगावला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीचा फोटो काढला, छाती स्वच्छ होती. ब्लडप्रेशरही बघितलं, थोडं वर होतं, पण दवाखान्यात घाबरल्यानं कुणाचंही वाढतं असं ते म्हणाले. ओल, थंड हवा, ॲलर्जी. दोन आठवडे विश्रांती, एक श्वासाचा पंप ओढायला. तिनं ते सगळं पाळलं. पुण्याच्या प्रशिक्षकांनाही सांगितलं, तेही म्हणाले की विश्रांती घ्या, घाई करू नका. आम्ही घाई केली नाही. मी नंतर पुष्कळ वेळा मागे जाऊन बघितलं, कुठे कुणी निष्काळजीपणा केला का ते. सापडलं नाही. सापडलं असतं तर निदान कुणाला तरी दोष देता आला असता.

विश्रांतीनंतर ती ताजीतवानी होती. श्रावण सुरू झाला होता, मध्येच ऊन पडत होतं, पण वारा होताच. आम्ही शेजारी शेजारी निघालो. बऱ्यापैकी मध्यावर आलो असू. मी श्वास घ्यायला तिच्या बाजूला वळले तर तिचे हात चालत नव्हते. ती उभी राहिल्यासारखी पाण्यात होती, हनुवटी वर. मी जवळ गेले. तिला बोलता येत नव्हतं. तिच्या छातीतून आवाज येत होता, हुक्क्यातलं पाणी गुडगुडावं तसा, आणि तो मला वाऱ्यातही ऐकू येत होता. तिनं मान हलवून होडीकडे दाखवलं. मी तिला काखेतून धरलं आणि ओरडले.

तिच्या नवऱ्यानं तिला वर ओढलं. होडी उलटते की काय असं झालं. म्हातारबानं दुसऱ्या बाजूला भार देऊन ती सावरली आणि काही न बोलता वल्ही मारायला लागला. मी कडेला धरून पाण्यातच होते. ती होडीत वाकून खोकली आणि तिच्या हातावर फेस आला. गुलाबी रंगाचा, साबणाच्या फेसासारखा हलका. तिनं तो हात माझ्यासमोर धरला, जणू मला विचारत होती की हे काय आहे. तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या सदऱ्यानं तो पुसला. परत आला. परत पुसला.

नारायणगावहून अँब्युलन्सनं पुण्याला नेलं, ऑक्सिजन लावून. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली होती, चहा मागत होती, आणि मला म्हणाली की उगाच सगळ्यांना घाबरवलं. पुन्हा फोटो काढले, हृदयाच्या तपासण्या झाल्या. हृदयाचे डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलणारे. मी, ती आणि तिचा नवरा त्यांच्यासमोर बसलो होतो. ते म्हणाले, बुडताना जातं तसं पाणी तुमच्या छातीत गेलेलंच नाही.

“हे पाणी तुमचंच आहे,” ते म्हणाले. “आतून आलंय.”

मग त्यांनी कागदावर काढून समजावलं. पाण्यात उतरल्यावर अंगावर सगळीकडून दाब येतो, गारठ्यानं हातापायातल्या शिरा आकसतात, आणि तिथलं रक्त छातीकडे लोटलं जातं. बहुतेकांना त्याचं काही होत नाही. काहींच्या फुप्फुसांना तो भार सोसत नाही, बारीक शिरांमधून पाणी झिरपून आत उतरतं. जोर लावून पोहावं तितकं जास्त. त्यात तिचं ब्लडप्रेशर मधूनमधून वर जात होतं, जे तपासायला गेल्यावर दर वेळी दिसलंच असं नाही. एकदा झालं की पुन्हा होऊ शकतं. धरणात काठ जवळ होता, होडी जवळ होती, म्हणून निभावलं.

तिनं विचारलं, उन्हाळ्यात चालेल का, डिंभ्याला, पाणी कोमट असतं तेव्हा. डॉक्टर नाही म्हणाले. तिनं विचारलं, तलावात, हळूहळू. ते म्हणाले की उथळ पाण्यात, कुणी बरोबर असताना, थोडा वेळ, फार तर. “मी पोहणं म्हणत होते,” ती म्हणाली. तिनं पदर सारखा केला, त्यांचे आभार मानले आणि उठली.

येताना गाडीत खेडच्या पुढे आल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली की तू एकटीच्या गटात नाव घाल. मी नाही म्हटलं. तुझ्याशिवाय मला त्यात काही नाही, असं म्हटलं, आणि ते खरं होतं. पण तिनं लावून धरलं. रोज फोन, रोज तेच. ती म्हणाली की दोघींचं एकाच वेळी संपलं तर मी काय करू, निदान तुझं तरी चालू राहू दे, मी काठावरून बघेन. मग मी नाव घातलं.

ती काठावर यायची. पावसाळा सरल्यावर आम्ही पुन्हा डिंभ्याला गेलो. धरण भरलेलं, पाणी निळं झालेलं. ती छत्री घेऊन दगडावर बसायची, गळ्यात शिट्टी, आणि मी दर फेरीला जवळ आले की खुणेनं सांगायची, हात लांब टाक, खांदा सैल सोड. माझ्या पोहण्यात तिला सगळं दिसायचं. एकदा मी बाहेर आले तर ती चपला काढून घोट्यापर्यंत पाण्यात उभी होती. मला बघून बाहेर आली आणि पाय पुसले. नंतर एका रविवारी तिच्याकडे पाहुणे आले. पुढच्या रविवारी शाळेचं काही होतं. मग तिनं कारण सांगणं सोडलं आणि मी विचारणं सोडलं.

माझा सराव मात्र चालला होता, आणि चांगला चालला होता. हेच मला सोसत नव्हतं. हात मजबूत झाले होते, लाटेची भीती गेली होती. सगळं तिनं माझ्याकडून करून घेतलेलं. मी पोहत असायचे आणि डावीकडे श्वासाला वळले की तिथे नुसतं पाणी.

स्पर्धेला ती आली नाही. तिचा नवरा आला. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही कशाला, होडीत दुसरा कुणी बसेल. तो म्हणाला की पाइप मी केलाय, मीच धरणार. त्याला पोहता येत नव्हतं आणि समुद्रातल्या होडीत तो पहिल्यांदाच बसत होता. निघायच्या आधी त्याला उलटी झाली. मला झाली नाही.

वारा होता, लाटा होत्या, मागच्या वर्षीइतक्याच. पण त्या मला ओळखीच्या वाटल्या. खालून उचललं की अंग सैल सोडायचं, वरून पुढे बघायचं, उतरताना श्वास. किनाऱ्यावर एका टेकडीवर पांढरं देऊळ होतं, ते माझी खूण. सुरुवातीला ते मण्याएवढं होतं. मग सुपारीएवढं झालं. मला त्याचा कळस दिसायला लागला, मग खालची भिंत. मी दोनदा गूळपाणी घेतलं. तिचा नवरा होडीतून ओरडून सांगत होता, लई भारी चाललंय ताई. मला वाटलं, होतंय हे.

मग देऊळ मोठं व्हायचं थांबलं.

आधी लक्षात आलं नाही. मी हात मारत होते, लाटेच्या टोकावरून बघत होते, देऊळ तेवढंच. मी जोर वाढवला. पुन्हा बघितलं, तेवढंच. भिंतीला एक खिडकी होती, ती मला दिसत होती, आणि कितीही पोहलं तरी ती खिडकीच दिसत होती, तिच्या आतलं काही दिसत नव्हतं. भरती ओसरायला लागली होती. सुटायला उशीर झाला होता वाऱ्यामुळे, त्यामुळे जे पाणी मला किनाऱ्याकडे न्यायचं तेच आता बाहेर ओढत होतं. हे मला नंतर सांगितलं. तेव्हा एवढंच कळत होतं की मी सगळं बरोबर करतेय आणि जागची हलत नाही. उलटी नव्हती, धाप नव्हती, पायात गोळा आला नव्हता. थकवा तेवढा येत होता, हळूहळू, खांद्यांतून खाली. मी किती वेळ तशी पोहत होते कोण जाणे. होडीतल्या पंचानं पुढे वाकून विचारलं, वर यायचं का. मी नाही म्हटलं आणि पुन्हा डोकं पाण्यात घातलं. पुन्हा बघितलं तेव्हा देऊळ थोडं लहान झालं होतं.

तिच्या नवऱ्यानं पाइप आत घेतला. होडीच्या कडेवर पोट टेकून तो जमेल तितका खाली वाकला आणि म्हणाला, “ताई, बास आता. घरी जाऊ.”

मी होडीला हात लावला.

घरी आल्यावर काही दिवस जमीन हलत राहिली. ग्रंथालयात पुस्तकं लावताना मध्येच फरशी वर यायची आणि खाली जायची, मी कपाटाला धरून उभी राहायचे. कॉलेजच्या मुलांना वाटायचं मला चक्कर येतेय, कुणी तरी पाणी आणून द्यायचं. मग तेही कमी झालं. एका सकाळी कळलं की फरशी आता नुसती फरशी आहे.

तिला मी फोनवर सगळं सांगितलं होतं, थोडक्यात. तिनंही थोडक्यात ऐकलं होतं. होळीच्या सुमाराला ती मंचरला आली, शाळेच्या कामासाठी पंचायत समितीत आली होती, तिथून माझ्याकडे. जेवली. माझा नवरा कामावर होता. तिनं मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, देवळाचं, खिडकीचं, ओहोटीचं. मध्ये मध्ये प्रश्न विचारले, शिक्षिका विचारते तसे. मी तेव्हा जोर वाढवला का. वाढवला. तिरकं जाऊन बघितलं का. बघितलं. मग ती बराच वेळ ताटात बोट फिरवत बसली.

“मी बरोबर असते तरी तेच झालं असतं ना?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “तेच झालं असतं.”

“दोघींना ओढून काढलं असतं.”

“हो.”

तिनं मान हलवली. मला वाटलं तिला थोडं बरं वाटेल. मलाही वाटेल. पण तिचा चेहरा आणखी उतरला, आणि मला कळलं की तिच्या मनात इतके महिने उलटंच चाललं होतं. ती असती तर झालं असतं, असं कुठे तरी धरून ती बसली होती, आणि मी ते तिच्या हातून काढून घेतलं. परत देता येईना. मी म्हणायला गेले की कोण जाणे, तू काही तरी मार्ग काढला असतास, पाळण्यासारखा. ती हसली, पण उशिरानं.

ताटं तिनंच धुतली. पिशवीतून गोळ्यांचा डबा काढून दुपारची गोळी घेतली. डॉक्टरांनी वाढवून दिलीय म्हणाली. मुलांबद्दल बोललो, तिच्या मोठ्या मुलीला नोकरी लागली होती, त्याबद्दल. पोहायचा विषय आम्ही दोघींनी पुन्हा काढला नाही, त्या दिवशीही आणि नंतरही. मी पाण्यात उतरले नाही. पुण्याच्या प्रशिक्षकांचा फोन आला होता दोन-तीनदा, या वर्षी काय ठरवलंय विचारायला. मी सांगते म्हटलं आणि सांगितलं नाही. डिंभ्याला रविवारी आता पुण्याचे लोक येतात, रंगीत फुगे कमरेला बांधून पोहतात, असं माझ्या नवऱ्यानं सांगितलं.

मी तिला स्टँडवर सोडायला गेले. नारायणगावची एसटी उभीच होती, गर्दी होती, तरी तिला खिडकी मिळाली. ती बसल्यावर म्हणाली की ईदला ये, बिर्याणी तुझ्या पद्धतीची, कमी तिखट करेन. मी येते म्हटलं. कंडक्टरनं बेल मारली. गाडी वळून हायवेला लागेपर्यंत मी तिथे थांबले, मग समोरच्या हातगाडीवरून मेथीची एक जुडी घेतली आणि घरी आले.